हरकत नसल्यास जेवायला यावे

आमच्या मजल्यावर समोरच्या दारात राहणाऱ्या मॅडम घरी चार माणसं बोलवायची झाली, की आधी शेजाऱ्यांना नोटीस द्यायच्या. फुलस्केपचा पाव कागद, निळी शाई, सुवाच्य अक्षर. वरचं एक घर, खालचं एक आणि मजल्यावरची दोन, अशा चार प्रती निघायच्या. मजकूर ठरलेला होता: "शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ माझ्या घरातून बोलण्याचा, हसण्याचा व भांडी पडण्याचा आवाज येईल. हरकत असल्यास दोन दिवसांत लेखी कळवावी. हरकत नसल्यास जेवायला यावे."

डोंबिवलीच्या या इमारतीत राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा पहिली नोटीस आमच्या दाराखालून आत सरकली. 'हरकत' हा शब्द बघून मी पुढचं वाचलंच नाही. आल्या आल्या कुणाशी वाकडं आलं की काय? बायकोने कागद माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "अहो, शेवटची ओळ वाचा की!"

मॅडम जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. कचेरी ठाण्याला, पण तीस वर्षांतली बरीचशी गेली ती भिवंडी-शहापूरच्या बांधांवर, टेप आणि खुणेचे दगड घेऊन. शेत मोजायला जाण्याआधी लगतच्या खातेदारांना नोटीस द्यावी लागते, नाहीतर मागाहून कोयते निघतात. ते वळण त्यांच्या अंगात असं मुरलं होतं, की बुद्धपौर्णिमेच्या खिरीलाही त्या नोटीस देऊनच बोलवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. एका आगाऊ बाईंनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "जन्म दुसऱ्यांच्या हद्दी ठरवण्यात गेला. माझ्या हद्दीत कुणाला घ्यायचं ते राहूनच गेलं." आणि लगेच विचारलं, "तुम्ही शनिवारी येताय ना?"

त्यांचं घर आमच्याएवढंच. मी गोदामात मालाच्या नोंदी ठेवणारा माणूस, आकड्यात चूक मला खपत नाही, म्हणून सांगतो: तीनशे नव्वद चौरस फूट, त्यात स्वयंपाकघर आणि न्हाणीघरही आलं. या जागेत त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत चौतीस माणसं जेवू घातली आहेत, आणि त्यात एकाचाही धक्का दुसऱ्याला लागला नाही. कारण माणसाला किती जागा लागते हे त्यांना पाठ होतं. मांडी घालून बसलेल्याला सव्वादोन फूट. खुर्चीवरच्याला दोन. उभ्याला दीड. "आणि हातवारे करत बोलणाऱ्याला तीन. आपल्या अध्यक्षांना साडेतीन. म्हणून त्यांना मी कोपऱ्यात ठेवते, दोन बाजूंनी भिंत मिळते."

पार्टीच्या आदल्या दिवशी त्या फरशीवर खडूने खुणा करायच्या. इथून ताटं येणार, इथून रिकामी जाणार, इथे कुणी थांबायचं नाही. सोसायटीचे अध्यक्ष एकदा नेमके त्या रेषेवर उभे राहून पाण्याच्या टाकीविषयी बोलू लागले. मॅडम हातात भाताचं पातेलं घेऊन मागे उभ्या. "अध्यक्षसाहेब, तुम्ही वहिवाटीच्या रस्त्यात आहात."

"अहो, दोन मिनिटं..."

"इथे दोन मिनिटांचं अतिक्रमणसुद्धा काढतात."

अध्यक्ष हसत कोपऱ्यात गेले. मॅडमचा राग कुणालाच यायचा नाही, कारण रागावायला सवड मिळायची नाही. आल्या आल्या हातात काम पडायचं. सोलायला काकडी, पुसायला पेले, नाहीतर "त्या आजींना त्यांच्या गावच्या विहिरीबद्दल विचारा" असलं काहीतरी. रिकाम्या हाताचा पाहुणा घड्याळ बघतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

चपलांचीही व्यवस्था होती. प्रत्येक जोड कपड्याच्या चिमट्याने एकत्र धरायचा आणि चिमट्याला नंबर. साठीच्या वरच्यांच्या चपला दाराशी, बाकीच्यांच्या खालच्या वळणावर. मी एकदा म्हटलं, "मॅडम, हे जरा जास्तच होतंय." त्या म्हणाल्या, "तुझी चप्पल आजवर हरवली?" नव्हती हरवली.

आणि पार्टीला निमित्त काय? काहीही. जिन्यातला दिवा लागला म्हणून. भिंतीची ओल थांबली म्हणून. एकदा तर खालच्या मजल्यावरच्या मुलीला गणितात पस्तीस मिळाले म्हणून. तिच्या आईला लाज वाटत होती. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पस्तीसला पास म्हणतात. पासची पार्टी असते. पस्तीसची वेगळी आणि नव्वदची वेगळी असं कुठे लिहिलंय?" ती मुलगी आता कळव्याला शाळेत शिकवते. गणितच शिकवते.

माझ्या वडिलांना, अण्णांना, हे सगळं फार आवडायचं. मॅडमच्या पार्टीत खिडकीजवळची सव्वादोन फूट जागा त्यांची ठरलेली. पण मागच्या वर्षीच्या आधीच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जिवावरचं निभावलं, उजवा हात मात्र लुळा पडला आणि बोलणं अडखळू लागलं. काठीने चालायचे, डाव्या हाताने जेवायचे. तेच त्यांना खुपत होतं. चारचौघांत डाव्या हाताने घास घ्यायचा, ही कल्पना त्यांना सोसेना. कुणी भेटायला आलं की ते आतल्या खोलीचं दार लावून भिंतीकडे तोंड करून पडायचे. कळव्याला ज्यांच्याबरोबर एका कारखान्यात एकतीस वर्षं काढली, ते त्यांचे मित्र तीनदा आले आणि तीनदा चहा पिऊन परत गेले.

त्यातच अण्णांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. मी ठरवलं, हॉल घ्यायचा, ठाण्याहून नातेवाईक बोलवायचे, अण्णांना मधे खुर्चीवर बसवायचं. मॅडमना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ते आलेच नाहीत तर? हॉलमध्ये रिकामी खुर्ची ओवाळणार?"

बायकोने आधीच बजावलं होतं, "त्यांना जबरदस्तीने बाहेर आणलंत, तर ते आपल्याशीही बोलायचे बंद होतील." मला तीच धास्ती होती. वर्षभर आमच्या घरात दिवसाला वीसेक शब्द बोलले जायचे अण्णांकडून, आणि त्यातले निम्मे 'नको' असायचे.

मॅडम टेप घेऊन आमच्याकडे आल्या. "अण्णा, जरा उठता का? पाऊल मोजायचंय." अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "बरं. खातेदार गैरहजर असला तरी मोजणी होते," म्हणाल्या, आणि खाटेपासून हॉलपर्यंतचं अंतर घेतलं. "अकरा पावलं. आणि तू गाडी करून न्यायला निघालास! घरीच करू. सव्वीस माणसं."

मग त्यांनी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि अण्णांच्या खोलीच्या दाराकडे बोट केलं. "हे शनिवारी सकाळी काढायचं. दोन स्टुलांवर आडवं टाकलं, वर चादर घातली, की साडेसहा फुटांचं टेबल होतं."

"अहो मॅडम," बायको हळूच म्हणाली, "दार काढलं तर ते जातील कुठे?"

"पडदा लावू. पडद्याआडून माणसाला बाहेरचं ऐकू येतं. ऐकू आलं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं त्यांचं."

दिवस ठरवताना त्यांची छापील असावी तशी यादी होती. पाणी नसण्याचा वार नाही ना? मुलांची परीक्षा? क्रिकेटची मॅच? इमारतीत कुणाकडे लग्न? गॅस कधी बदलला? मी एकेक तपासून टिक केली. बावीस बाबी होत्या. बावीसही बरोबर निघाल्या. नोव्हेंबरातला शनिवार ठरला. नोटिसा गेल्या. मित्रांना आणि नातेवाइकांना मी फोन केले, पंचाहत्तरीचं न सांगता नुसतं जेवायला बोलावलं. सगळे इतक्या झटकन हो म्हणाले, की मलाच नवल वाटलं. विठ्ठलवाडीचे एक काका तर म्हणाले, "या दिवशी अण्णांकडे नाही यायचं तर कुठे जायचं?"

शनिवारी सात वाजून दहा मिनिटांनी, ठरल्याप्रमाणे, सव्वीसच्या सव्वीस हजर होते. चपलांना चिमटे लागले होते. दाराच्या टेबलावर बटाटेवडे, कोशिंबीर, मसालेभात, श्रीखंड. आत कढईतलं तेल तापलं होतं, पुऱ्या लाटून तयार. पडद्यामागे अण्णा खाटेवर भिंतीकडे तोंड करून. मॅडम खडूच्या रेषांमध्ये उभ्या राहून रहदारी सांभाळत होत्या.

बायकोने अण्णांच्या कारखान्यातल्या मित्रांपैकी कळव्याच्या काकांसमोर वड्यांची बशी धरली. काका म्हणाले, "अगं सूनबाई, अजून दीड तास आहे."

"कशाला?"

"चंद्रोदयाला."

बायकोने माझ्याकडे बघितलं, मी मॅडमकडे. मी विचारलं, "कसला चंद्रोदय, काका?"

"अरे, संकष्टी ना आज! आठ सदतीसचा आहे. अण्णांकडे चतुर्थीला जेवायला बोलावलंस, म्हणजे उपवास सोडायलाच ना? मी सकाळपासून नुसत्या चहावर आहे. मोदक कुठेयत?"

"आम्ही पण उपाशीच आलोय," विठ्ठलवाडीचे काका म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या दोन्ही बायकांनी माना डोलावल्या.

आता काय घडलं होतं ते सांगतो. अण्णांनी पन्नास वर्षं संकष्टी सोडली नव्हती. झटका आल्यावर डॉक्टरांनी मधुमेहामुळे उपवास बंद केला. पण अण्णांना तिथी कळली की ते ऐकणार नाहीत, म्हणून आम्ही स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उतरवून कपाटात टाकलं. ते चतुर्थी कधी म्हणून विचारायचे, आणि आम्ही "वेळ आहे अजून" म्हणायचो. लपवता लपवता चतुर्थी आमच्याच लक्षातून गेली. उपवास घरात फक्त त्यांचाच, बाकी कुणाला आठवण राहणार? आणि गावभर मात्र सगळ्यांना ठाऊक, की चतुर्थी म्हणजे अण्णा.

अध्यक्षांच्या तोंडात तिसरा वडा होता; त्यांनी तो न चावता तसाच ठेवला. तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला.

"आज... चतुर्थी आहे?"

आणि काठीचा ठोका. मग दुसरा. पडदा बाजूला झाला आणि अण्णा बाहेर आले. अंगात घरचा सदरा, केस विस्कटलेले, डोळे माझ्यावर. ते अकरा पावलं चालत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. सगळे बघताहेत याचं भानच त्यांना नव्हतं.

"दुपारी... मला... भात घातलास?"

"अण्णा, डॉक्टरांनी..."

"वरून... दही!"

"अण्णा, ऐका तर..."

"गाढवा! किती... चतुर्थ्या... खाल्ल्या मी?"

खरं म्हणजे झटक्यापासूनचे महिने मोजून आकडा मी मनात काढला होता. चौदा. पण तो सांगण्याची ही वेळ नव्हती. मी खाली मान घातली. एवढं सलग बोलणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं, त्यामुळे शिवी बसल्याचं दुःख करावं की काय करावं, हे मला कळेना. कळव्याचे काकाच शेवटी पुढे झाले आणि त्यांनी अण्णांच्या पाठीवर थाप मारली. "अण्णा, कारखान्यात असाच ओरडायचास बघ. कान तृप्त झाले!"

कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांच्या आता लक्षात आलं होतं, की हॉलमध्ये सव्वीस माणसं आहेत. त्यांनी लुळा हात सदऱ्यामागे घेतला आणि पडद्याकडे वळून बघितलं. आता हे परत आत जाणार, मला दिसत होतं.

"चूक माझी आहे," मॅडम मोठ्याने म्हणाल्या. "माझ्या यादीत पाणी आहे, गॅस आहे, मॅच आहे, पण चंद्र नाही. मी चतुर्थी धरत नाही, त्यामुळे कधी सुचलंच नाही. अण्णा, इथे माहितगार तुम्हीच. दीड तास आहे. काय करायचं सांगा."

अण्णा थांबले.

"मोदक," ते म्हणाले. "एकवीस... तरी."

त्यानंतर जे झालं त्याला मी पार्टी म्हणतो. मॅडमनी तेल बंद करायला लावलं. ज्यांचा उपवास नव्हता त्यांना हातात वडे देऊन कडेला बसवलं. तांदळाचं पीठ वरच्या मजल्यावरून आलं, गूळ आमचा, तीन नारळ तीन घरांतून. अध्यक्षांना खोबरं खवायला बसवलं, "कोपऱ्यातच बसा." टेबलावरचं सगळं उचलून त्या आडव्या दारावर परात आली आणि उपाशी पंधरा जण त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. साडेसहा फुटांवर पंधरा माणसं मावत नाहीत. दर माणशी फूटभरही येत नाही. मी तसं म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "गप रे, पारी कर."

दाराच्या टोकाला खुर्ची टाकून त्यांनी अण्णांना बसवलं आणि सारणाचं पातेलं त्यांच्या डाव्या बाजूला ठेवलं. पाऱ्या त्यांच्यासमोर येऊ लागल्या. पहिली आली, अण्णा बघत राहिले. दुसरी आली, तिसरी आली. पलीकडून काका खेकसले, "अरे भर की! माझा हात भरून आला धरून धरून." तेव्हा अण्णांनी डाव्या हाताने सारण उचललं आणि पारीत ठेवलं. मग दुसऱ्या पारीत. दहाव्या मोदकाला ते माझ्यावर खेकसले, "कळ्या... मोज. सहाच... आहेत." मी मोजल्या. सहाच होत्या. मला मान्य करावं लागलं, की हा माझाच मोदक आहे. एकूण त्रेचाळीस झाले. नऊ फुटले, त्यातले सात माझे.

आठ वीसला मोदक वाफेवर होते आणि मॅडम होकायंत्र घेऊन आमच्या गॅलरीत. परत येऊन म्हणाल्या, "पूर्वेला तो नवा टॉवर आडवा येतो. तुमच्याकडून चंद्र नऊनंतर दिसेल. माझ्या गॅलरीतून दोन इमारतींच्या मधे फट आहे, तिथून पावणेनऊला दिसायला हवा. सगळे माझ्याकडे चला. अण्णा पुढे."

अण्णा पुढे, मागे काका, मागे निरांजन घेतलेली बायको, मागे मोदकांचं पातेलं, मागे अख्खी पार्टी, असे आम्ही चपलांच्या चिमट्यांमधून वाट काढत समोरच्या घरात गेलो. गॅलरी चार फुटांची. मॅडमनी तीन-तीन जणांना आत सोडलं. आठ सत्तेचाळीसला त्या फटीत तांबूस चंद्र वर आला, जरासा चेपलेला. खालच्या मजल्यावरच्या बायका "आला, आला!" म्हणून ओरडल्या.

अण्णांनी अर्घ्याचं भांडं डाव्या हातात घेतलं आणि तिथेच अडकले. डाव्या हाताने अर्घ्य द्यायचं कसं? मला कळलं, काकांनाही कळलं. मॅडमनी त्यांचा लुळा उजवा हात मनगटाजवळ धरून वर उचलला, त्यात भांडं बसवलं, आणि बोटांवर आपली बोटं घट्ट दाबली. "ओता. मला मंत्र येत नाही, ते तुम्ही म्हणा." पाणी पडलं, निम्मं मॅडमच्या पायावर. अण्णा मंत्र म्हणाले. अडखळत, पण पूर्ण.

मग मॅडमच्या हॉलमध्ये पंगत बसली. पुऱ्या आमच्याकडे तळल्या जात होत्या आणि मधल्या जागेतून धावत समोर पोचत होत्या. अण्णा काकांच्या शेजारी बसले आणि डाव्या हाताने त्यांनी मोदक फोडला. कुणी बघितलं नाही असं नाही. पण दिवसभराचे उपाशी लोक दुसऱ्याच्या हाताकडे किती वेळ बघणार? काकांचं लक्ष तुपाकडे होतं. अण्णांनी चार मोदक खाल्ले आणि दोन पुऱ्या. साखरेची गोळी मी न विचारता पुढे केली, त्यांनी न बोलता घेतली.

नंतर डॉक्टरांशी बोलून आम्ही मार्ग काढला: दुपारी औषधाआधी वरीचा भात, रात्री जेवण. कॅलेंडर पुन्हा खिळ्यावर गेलं. मॅडम आता कल्याणला भाचीकडे राहतात, आणि तिकडच्या शेजाऱ्यांनाही नोटिसा जाऊ लागल्या आहेत, असं ऐकतो. पण त्या संध्याकाळचं शेवटचं सांगायचं राहिलं. पाहुणे निघाले. मी अण्णांना घरी न्यायला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला केला आणि मॅडमसमोर जाऊन उभे राहिले.

"पुढच्या... चतुर्थीला," ते म्हणाले, "जेवायला या."

"येईन की. कुठे?"

"इथे."

"अण्णा, हे माझं घर आहे."

"असू दे." अण्णांनी काठीवर भार दिला, सगळी वाक्यं आधी जुळवून घेतल्यासारखे थांबले आणि एका दमात म्हणाले, "आमंत्रण माझं आहे. माणसं मी बोलावणार."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग पदराला हात पुसत विचारलं, "बरं. किती वाजता येऊ?"